खालच्या लाईनवरच हगवण काहून लागते?

नळवाला

राम राम मंडळी. अकोला जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात मी ग्रामपंचायतीच्या पाण्यावर आहे. कागदावर 'जलसुरक्षक', गावात 'नळवाला'. टाकी भरली की व्हॉल्व्ह सोडायचे, टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकायची, लाईन फुटली की सायकलच्या ट्यूबनं आवळायची आणि मधल्या वेळात शिव्या खायच्या. अकरा वर्षं झाली. पगार कधी होतो ते विचारू नका.

प्रश्न लांबलचक आहे. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तो मांडायचा आहे आणि कसा मांडू ते समजत नाही, म्हणून इथं टाकतो.

बाहेरगावच्यांसाठी आधी थोडं. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट. बोअर मारला तर लागतं, पण त्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, चहात दूध टाकलं की फाटतं. प्यायचं गोडं पाणी येतं दूरच्या धरणावरून, प्रादेशिक योजनेच्या पाइपातून. पावसाळ्यात चौथ्या-पाचव्या दिवशी, उन्हाळ्यात आठवडाही जातो. ते आलं की आमची पन्नास हजार लिटरची टाकी भरते. टाकीच्या पायाशी दोन व्हॉल्व्ह. एक वरच्या लाईनचा, ती मारुतीचा पार, शाळा, सोसायटी अशी सगळ्या गावात फिरते. दुसरा खालच्या लाईनचा, ती उतारानं नाल्याकाठच्या वस्तीत जाते. त्या वस्तीला कागदावर एका महापुरुषाचं नाव आहे. बोलताना सगळे 'खालतं' म्हणतात. वर एकशे साठ घरं, खाली एक्केचाळीस.

वरचा व्हॉल्व्ह सकाळी सहाला सोडतो, साडेआठ-नऊला बंद करतो. मग घरी जाऊन जेवून येतो आणि दहाला खालचा सोडतो. टाकीत जे उरलं ते खाली. कधी पाऊण तास, कधी वीस मिनिटं. हा क्रम मी ठरवला नाही. आधीच्या नळवाल्यानं चाव्या दिल्या तेव्हा असाच सांगितला, त्याला त्याच्या आधीच्यानं.

व्हॉल्व्हच्या वेळा मी शंभर पानी वहीत लिहितो. तीन पावसाळ्यांपासून त्याच वहीच्या मागच्या पानांवर आणखी एक गोष्ट लिहितो, ती म्हणजे सलाईन कोणाला लागली. याला कारण खालतंची एक म्हातारी, मी तिला मावशी म्हणतो. आखाडीच्या आसपासचे दिवस होते. व्हॉल्व्ह सोडून मी खाली चक्कर मारत होतो तर ती नळाच्या खड्ड्यात बसून गुंड (आमच्याकडची घागर) भरत होती. म्हणाली, "नळवाल्या, तुह्यं पाणी आलं का माह्यं पोट जाते बाप्पा." मी हसलो. म्हटलं, मावशी, कालचं शिळं खाल्लं असशील. दोन दिवसांनी तिला ऑटोत आडवं टाकून तालुक्याला नेलं. डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. वाचली. पण माझं ते हसणं मला अजून लागून आहे.

तर वही. गेल्या पावसाळ्यात गावात तेवीस जणांना सलाईन लागली. त्यातले एकोणीस खालचे. त्याच्या आधीच्या वर्षीही तसंच काहीसं.

पारावर हे काढलं तर उत्तर तयार असतं, "त्याइची राहनीच तशी." आधी मलाही ते पटायचं. पण मग हिवाळ्यात त्यांची राहणी सुधारते का? नोव्हेंबर ते मे माझ्या वहीची मागची पानं जवळजवळ कोरी आहेत. दुसरं, खालच्या तीन कुटुंबांनी शाळेमागं प्लॉट घेऊन घरं बांधली, ती आता वरच्या लाईनवर आहेत. माणसं तीच, भांडी तीच, हात धुवायची सवय असेल नसेल ती तीच. त्या तीन घरांतलं एकही नाव वहीत नाही.

आता मला न सुटणारा भाग. टीसीएल मी बरोबर टाकतो. ओटी टेस्ट, म्हणजे औषधाचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन आहे का ते बघणं, टाकीच्या बुडाच्या नळाला घेतो, पाणी चांगलं पिवळं येतं, म्हणजे क्लोरीन आहे. एकाच टाकीचं पाणी वर गेलं की चांगलं आणि खाली गेलं की वाईट, हे होतं कसं? आणि हे मी, ग्रामपंचायतीचाच माणूस, ग्रामसभेत बोलू कसं?

निवृत्त पाणीवाला

नळवाले भाऊ, एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली. टाकीच्या बुडाशी ओटी टेस्ट घेणं म्हणजे शिजवणाऱ्यानं भाताचं शित चाखून पंगत जेवली असं लिहिण्यासारखं आहे. चूक तुमची एकट्याची नाही, सगळे तिथंच घेतात, सावली असते.

पाइपात पाणी दाबानं वाहत असतं तेव्हा गळतीतून ते बाहेर येतं. ते तुम्हाला दिसतं, तुम्ही ट्यूब बांधता. व्हॉल्व्ह बंद झाला की लाईन खालच्या नळांतून निथळून रिकामी होते. पाइप चार दिवस रिकामा आणि पावसाळ्यात त्याच्यावरची नाली चार दिवस भरलेली. मग त्याच भोकातून नालीतलं पाणी आत शिरतं, ते कोणाला दिसत नाही. शिरलेलं उतारानं घरंगळत शेवटच्या घरांपाशी साचून बसतं. पुढच्या पाळीला तुम्ही व्हॉल्व्ह सोडला की पहिल्या धारेत तेच येतं. हिवाळ्यात नाली कोरडी, म्हणून तुमची पानं कोरी. वरची लाईन उंचावरून, बहुधा रस्त्याच्या कडेनं जात असेल, तिला नाली लागत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही ओझरती लिहून गेलात, 'नळाच्या खड्ड्यात बसून'. लाईन बारीक, शेवटी धार येत नाही, म्हणून लोक जमीन खोदून नळ खाली घेतात. त्याच खड्ड्यात भांडी घासली जातात, पावसाचं पाणी साचतं, नळाचं तोंड त्यात बुडतं. दाब गेला की नळ उलटा ओढतो. तुमची खालची लाईन टाकली तेव्हा तिच्यावर दोन-तीन सार्वजनिक नळ असतील. आता घरोघर नळ झाले, पाइप तोच राहिला. बरोबर ना?

टीसीएलचं म्हणाल तर हजार लिटरला पाच ग्रॅम धरा, म्हणजे तुमच्या टाकीला पाव किलो. बादलीत कालवून अर्धा तास ठेवा, वरची निवळी टाकीत, खालचा चुना फेकून. पोतं उघडं राहिलं तर पावडर पांढरीच दिसते पण क्लोरीन उडून गेलेला असतो. आणि क्लोरीन घाण मारता मारता स्वतःच संपतो. म्हणून शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक दिसला पाहिजे. पुढच्या पाळीला टेस्ट तीन ठिकाणी घ्या, टाकीखाली, मधल्या घरी आणि अगदी शेवटच्या घरी. शेवटच्या घरी पहिल्या मिनिटाला एकदा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा.

पैशाचं रडगाणं सरपंच गातील. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो हे त्यांनाही माहीत असतं. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना वेगळी. लाईन नालीतून उचलून दुसऱ्या बाजूनं टाकायची आणि शेवटी एक वॉशआऊट बसवायचा, म्हणजे पहिलं घाण पाणी नाल्यात सोडता येतं. फार मोठं काम नाही.

एक विचारतो. वरच्या लाईनवर टिल्लू पंप, म्हणजे नळाला लावून पाणी ओढणाऱ्या छोट्या मोटरी, किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. विसरलात की मुद्दाम?

नळवाला

साहेब, पकडलं तुम्ही.

आधी ट्यूबांचं सांगतो. काल सायकलवर फिरून मोजलं. खालच्या लाईनवर बारा जागी ट्यूब बांधलेली आहे, सगळ्या माझ्याच हातच्या. त्यातल्या सात नालीच्या पाण्यात बुडालेल्या. एका जागी तर ट्यूब सडून गेली आहे, नुसता तार उरला.

टिल्लू वर चाळीसेक असतील. त्यातला एक माझ्या घरी. आईचे गुडघे गेले, तिला गुंड उचलून वरच्या ड्रमात ओतवत नाही म्हणून बसवला होता. हे काही खोटं नाही. पण तिचे गुडघे बरे होते तेव्हाही शेजाऱ्याचा बसला म्हणून मी बसवणारच होतो, तेही खोटं नाही.

वावरवाला

राजेहो, सगळं पाइपावर नका ढकलू. आमच्याही गावात पाहून राह्यलो ना. सरकारनं संडास बांधून देल्ले, तर त्यात कुटार भरून ठेवलं, तुराट्या रचल्या, अन् लोटा घेऊन नाल्यात. लेकरं मातीत खेळतात अन् तशाच हातानं भाकर खातात. गाडगेबाबा ह्याच वऱ्हाडातले, हाती झाडू घेऊन गावं झाडली, त्याइनं काय पाइपाची वाट पाह्यली का? नळवाल्या भाऊचं मन चांगलं आहे, पण मानसानं सोताचंही पाहावं लागते.

नाल्याकाठची

वावरवाले दादा, रागानं लिहीत नाही, पण लिहिते.

मी अशाच एका 'खालतं'मध्ये वाढले. अमरावती जिल्ह्यात, पट्टा तोच. आता नागपूरला नोकरी करते. आमच्याही संडासात कुटार होतं. संडासात एका वेळी निदान अर्धी बादली पाणी ओतावं लागतं. घरात सहा माणसं. गोडं पाणी पाच दिवसांनी वीस मिनिटं येणार आणि खाऱ्या पाण्याचा हापसा वर शाळेपाशी. आता सांगा, आईनं डोक्यावर आणलेला गुंड चुलीपाशी ठेवायचा की संडासात ओतायचा? जिथं घरामागं बोअर आणि मोटर आहे तिथले संडास वापरात असतात, जाऊन बघा. आणि गाडगेबाबांचं म्हणाल तर झाडू त्यांच्या स्वतःच्या हातात होता. दुसऱ्याच्या वस्तीकडं बोट दाखवून ते पारावर बसले नव्हते.

नळवाले दादा, तुम्ही सगळं लिहिलं, पण 'दहाला खालचा सोडतो' हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. मला ते वाचून पुढचं वाचवेना. सकाळी दहाला खालच्या वस्तीत कोण असतं? बाया आठलाच निंदणाला गेलेल्या असतात. पाण्याच्या दिवशी थांबावं तर रोज बुडतो, आणि मालकीणबाई दुसऱ्या दिवशी दुसरी बाई बोलावते. म्हणून आमच्या घरी पाणी मी भरायची. नऊ वर्षांची होते. माझ्या पाचवी-सहावीची हजेरी काढली तर पाण्याचा प्रत्येक दिवस गैरहजर सापडेल.

खड्ड्यात एक पाय आत, एक बाहेर. पाऊस असला की आतल्या पायाला घोट्यापर्यंत नालीचं पाणी. वाटीनं उपसून गुंडात टाकायचं कारण गुंड खड्ड्यात मावत नाही. माझा हात, माझ्या भावाचा हात, तीच वाटी. पहिलं पाणी लालसर यायचं, त्याला वास असायचा. ते फेकावं हे आम्हालाही कळत होतं हो. पण वीस मिनिटांतली पाच मिनिटं फेकली तर शेवटचे दोन गुंड रिकामे राहतात. आई लुगड्याची चार पदरी घडी गुंडाच्या तोंडाला लावायची. गाळ अडायचा.

भावाला एका पावसाळ्यात दोनदा सलाईन लागली. दुसऱ्या वेळी आईनं शेळीची पाठ, म्हणजे तरणी शेळी, विकली. ती पाठ पुढच्या वर्षी व्यायली असती, त्या दुधावर धाकटी वाढली असती. तुमच्या वहीत सलाईन येते. पाठ येत नाही, माझी हजेरी येत नाही, आईचा रोज येत नाही.

आणि नाल्याकाठी राहायला आम्ही हौसेनं गेलो नव्हतो. गावठाणात उरलेली, पुराच्या वेळी पाणी शिरणारी जी जागा होती ती आमच्या वाट्याला आली. पाण्याला हात लावायचा हक्क दाखवायला १९२७ साली महाडला जावं लागलं. आता गावात कोणी 'पाणी भरू नका' म्हणत नाही. 'नंतर भरा' म्हणतात.

तुम्ही विचारलंत म्हणून सुचवते. क्रम उलटा करा. खालचा व्हॉल्व्ह सहाला, वरचा नंतर. याला वित्त आयोग लागत नाही, चावी तुमच्या खिशात आहे. आणि ग्रामसभेत तुम्ही बोलू नका, बायांना बोलू द्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, कायद्यात आहे. बहुतेक ठिकाणी ती फक्त रजिस्टरात होते. ती खरी घ्यायला लावा.

उपकेंद्रातली

मी एएनएम आहे, उपकेंद्रातली नर्स. जिल्हा सांगत नाही.

नळवाले दादा, ती वही कोणाला देऊ नका, झेरॉक्स द्या. तिची किंमत मी सांगते. एकाच आठवड्यात वीस जणांना हगवण लागली असती तर साथ म्हणून नोंद झाली असती, गाडी आली असती, पाण्याचे नमुने गेले असते. पण तेवीस सलाईन चार महिन्यांत विखुरल्या की ती साथ होत नाही. त्यात निम्मे तालुक्याला खासगीत गेलेले, ते माझ्या रजिस्टरात येतच नाहीत. माझ्या रजिस्टरावरून तुमचं गाव ठणठणीत निघेल. एक्केचाळीस घरांचा हिशोब कोणाच्याच कागदावर वेगळा निघत नाही, गावाची एकच बेरीज होते.

लेकरांचं जास्त सांगते, कारण ते मी रोज बघते. पावसाळ्यात मूल तीनदा हगवणीनं गेलं की दिवाळीनंतर अंगणवाडीच्या काट्यावर ते दिसतं. आतडं खराब झालं की खाल्लेलं अंगी लागत नाही, अंगी लागलं नाही की पुढची हगवण लवकर धरते. मग सुपरवायझर मला विचारतात, आईला आहार समजावला का? समजावला. अंडं, शेंगदाणा, गूळ, डाळ सगळं समजावलं. ओआरएस देते, झिंकची गोळी चौदा दिवस द्या म्हणते, हगवण थांबली तरी बंद करू नका म्हणते. ते करायचंच आहे, जीव त्यानंच वाचतो. पण चौदाव्या दिवशी ते लेकरू पुन्हा त्याच खड्ड्यातलं पाणी पितं.

तुमच्याकडं चार-पाच दिवसांचं पाणी साठवावं लागतं, म्हणजे दारोदारी ड्रम आणि रांजण. डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आम्ही जाऊन 'आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून घासा, कोरडा दिवस पाळा' म्हणतो. मागच्या वर्षी एक बाई मला म्हणाली, "रिकामा करतो बाई, पन भरून तू देशीन का?" मी काय बोलणार होते? झाकणं बांधून दिली जुन्या साड्यांची.

ट्रेनिंगमध्ये याला 'आरोग्याचे सामाजिक निर्धारक' म्हणतात, म्हणजे माणूस कुठं राहतो, काय खातो-पितो यावर त्याची तब्येत ठरते. माझ्या शेजारी बसलेली सिस्टर तेव्हा पेंगत होती, मीही पेंगत होते. नंतर टीबीच्या कामात ते डोक्यात शिरलं. झारखंडमध्ये टीबीच्या पेशंटच्या घरच्या माणसांना सहा महिने धान्य-डाळीचं जादा रेशन देऊन बघितलं. २०२३ मध्ये त्याचा निकाल छापून आला, त्या घरांत नवा टीबी सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. घरच्यांना जादा मिळालं ते तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. आपल्याकडं एकाच ओळीतल्या घरांमध्ये टीबी का फिरतो हे मी तोवर फक्त खोकल्याच्या अंगानं बघत होते.

खारपाणपट्ट्यातल्या किडनीच्या पेशंटांचं कोणी काढण्याआधी एक सांगते, सगळं खाऱ्या पाण्यावर टाकू नका. उन्हात दिवसभर वावरात, पाणी कमी, आणि अंग दुखलं की मेडिकलमधून सुटी पेनकिलर. तेही किडनीला मारतं. कमी पाणी का पितात, तर गोडं पाणी घरी लेकरांसाठी ठेवायचं असतं आणि वावरात बाईला आडोसा नसतो. म्हणजे पुन्हा तिथंच येतो आपण.

आता काम. एक, ग्रामसेवकांना विचारा की पिण्याच्या पाण्याच्या सर्वेक्षणात गावाला शेवटचं कार्ड कोणतं मिळालं, हिरवं, पिवळं की लाल. ते सर्वेक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर होतं. गळती, नळखड्डे, नालीतली लाईन हे सगळं त्यात बघायचं असतं. तुमचं कार्ड हिरवं असेल तर ते कोणी कुठं बसून भरलं तेही विचारा. दोन, शेवटच्या घराचा नमुना निर्जंतुक बाटलीत प्रयोगशाळेला पाठवा, आशाताईंना सोबत घ्या. तीन, गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित निधी असतो. त्यात लाईन होणार नाही, पण सात ठिकाणच्या सडक्या ट्यूब काढून चांगल्या क्लॅम्प बसतील. सायकलची ट्यूब ही काही दुरुस्ती नाही दादा, पट्टी आहे.

वावरवाला

ताई, हापशाचं मह्या ध्यानात नव्हतं आलं. आमच्याही खालतं हापसा नाही. बाकी हात धुवायचं मी म्हनतोच.

नाल्याकाठची

म्हणा की. साबण आणि पाणी दोन्ही घेऊन म्हणा.

नळवाला

उशीर झाला, माफ करा. पाणीच सहाव्या दिवशी आलं.

कोणाला न विचारता खालचा व्हॉल्व्ह आधी सोडला. सहा वाजून पाच मिनिटांनी. मग ओटीची बाटली आणि औषध घेऊन सायकल दामटली खाली. शेवटचं घर त्या मावशीचंच आहे. ती खड्ड्यापाशी नव्हतीच, चुलीपुढं बसली होती. तिला वाटलं मी लाईन बंद करायला आलो.

पहिली धार बाटलीत धरली. औषधाचे थेंब टाकले. हलवली. काही नाही. चार वेळा हलवली, उजेडाकडं धरली. पाणी गढूळ दिसत होतं तेवढंच, पिवळेपणाचा मागमूस नाही. टाकीखाली अर्ध्या तासापूर्वी हळदीच्या पाण्यासारखं आलं होतं. अकरा वर्षं मी त्याच टाकीखालच्या बाटलीवर सही करत आलो. वीस मिनिटांनी पुन्हा घेतली तेव्हा कुठं फिक्कट लिंबासारखी झाक आली. मावशी बाजूला उभी राहून पाहत होती. विचारलं, "पास झालं का?" म्हटलं, आत्ताचं झालं, आधीचं नाही.

तिनं पहिले दोन गुंड शेळ्यांच्या टाक्यात ओतले. वेळ होता ना. वस्तीतल्या बाया निंदणाला जायच्या आधी भरून मोकळ्या झाल्या. दोन पोरी दप्तर घेऊन शाळेत जाताना दिसल्या, एरवीही जात असतील, मी कधी पाहिलं नव्हतं.

साडेसहाला वरून फोन सुरू झाले. सात वाजेपर्यंत अकरा. एकानं विचारलं, "कोनाच्या सांगन्यावरून केलं बे?" मी म्हटलं लाईन तपासत होतो, जे खरं होतं. आठला वरचा सोडला. टाकी अर्धी होती, त्यामुळे पाराच्या पुढच्या गल्लीत शेवटच्या सहा-सात घरांना कमी पडलं. त्यात एक घर उपसरपंचाचं. संध्याकाळी मला ऑफिसात बोलावलं. पुढच्या पाळीला जुनाच क्रम ठेवायचा, ग्रामसभेत ठरेल ते ठरेल, असं तोंडी सांगितलं. मी लेखी द्या म्हटलं. अजून दिलं नाही.

महिला सभा तेराला ठेवली आहे. आशाताईनं खालतं घरोघर सांगितलं. मावशी येतो म्हणाली, पण निंदण असलं तर नाही. म्हणून वेळ सांजच्याला सातची घेतली. कार्डाचं ग्रामसेवकांना विचारलं, हिरवं आहे. नमुना गेला, निकाल आला की टाकतो. त्या शाळेमागच्या तीन घरांची नावं मी वेगळी लिहून काढली आहेत, साहेब म्हणतात ग्रामसभेत तेच आधी वाच.

टिल्लू काढला आहे. आईनं तो पोत्यात बांधून बाजेखाली ठेवला, म्हणते पंधरा तारखेपर्यंत पाहू, मग काय करायचं ते कर.